रिकाम्या महिन्याचा हिशेब

प्रश्न : भाड्याने देण्यासाठी एक घर विकत घेण्याचा विचार आहे. मासिक भाडे १०० मानले, तर कर्जाच्या हप्त्याला ६० आणि मालमत्ता कर, विमा व देखभाल शुल्क मिळून १५ लागतील. सध्याच्या मालकांच्या गेल्या वर्षीच्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नाही. मग दरमहा २५ हाती राहतील, असे धरावे का?

उत्तर : धरू नये. आपण मांडलेले खर्च ठरलेल्या वेळी येणारे आहेत. अंदाज फसतो तो अवेळी येणाऱ्या खर्चांमुळे. समजा, भाडेकरू दोन वर्षांनी बदलला, घर एक महिना रिकामे राहिले, एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली गेली आणि रंगकाम व साफसफाईला अर्ध्या महिन्याचे भाडे लागले, तर हे अडीच महिन्यांचे भाडे २४ महिन्यांवर विभागून दरमहा सुमारे १०.४ होते. आपले २५ इथेच १४.६ वर येतात.

गेल्या वर्षीच्या हिशेबावर तर मुळीच विसंबू नका, कारण घर विकायचे ठरले की मालक दुरुस्ती पुढे ढकलतो आणि ती नव्या मालकाच्या वाट्याला येते. पंप, वायरिंग, गच्चीचे गळतीरोधक काम अशा मोठ्या बाबींचा खर्च त्यांच्या पूर्ण आयुष्यावर न विभागता उरलेल्या आयुष्यावर विभागावा. तीन महिन्यांच्या भाड्याइतके, दहा वर्षे टिकणारे काम पाच वर्षांपूर्वी झाले असेल, तर पुढच्या ६० महिन्यांत दरमहा ५ बाजूला काढावे लागतील. म्हणजे उरले ९.६. किरकोळ दुरुस्त्या यात अजून धरलेल्याच नाहीत.

घराची व्यवस्था आपण स्वतः पाहणार असलात, तरी त्या कामाचा मोबदला कागदावर मांडावा. उद्या ते दुसऱ्याकडे सोपवावे लागले, तर व्यवहार टिकेल का, हे त्यावरूनच कळते. भाडेकरूची अनामत रक्कम परत करायची असल्याने ती उत्पन्नात धरू नये. घसारा, म्हणजे वापराने घटणारी घराची किंमत, हिशेबात खर्च म्हणून दाखवला जातो, पण त्यापायी खिशातून पैसा जात नाही. हप्त्यातील मुद्दल याच्या उलट, म्हणजे हिशेबी खर्च नसूनही रोख रक्कम घेऊन जाते.

हप्ता सोडून बाकीच्या खर्चाला निम्मे भाडे धरावे, असा एक ढोबळ आडाखा आहे. तो अनेक घरांतून निवड करताना चालतो, एका घराचा निर्णय घेताना नाही. विक्रेत्याकडून निदान तीन वर्षांची बिले आणि भाडेकरारांच्या तारखा मागवा, म्हणजे घर खरोखर किती महिने रिकामे होते ते दिसेल.