स्टाफ असलेल्या व्हिलात पहिल्यांदाच राहायला जाताना काय माहीत असायला हवं?

तुमचा प्रश्न असा आहे: उष्ण कटिबंधातल्या एका व्हिलात तीन कुटुंबं मिळून आठवडाभर राहणार आहात, स्वयंपाकी, हाउसकीपिंग, माळी असा स्टाफ भाड्यातच आहे. तर टिप किती द्यायची, कशाची काळजी घ्यायची आणि "स्टाफ किराण्यात हात मारतो असं ऐकलंय, त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं?"

पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला कुणीही सांगेल. मी लिहायला बसले ती तिसरीमुळे. अशाच एका समुद्राकाठच्या व्हिलाची मी बरीच वर्षं मॅनेजर होते, आणि हे वाक्य मी माझ्या स्वयंपाक्याच्या तोंडावर बोललं गेलेलं ऐकलंय.

आधी किराण्याची पद्धत समजून घ्या, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. बहुतेक ठिकाणी भाड्यात स्टाफचे पगार धरलेले असतात, खाण्यापिण्याचा खर्च धरलेला नसतो. तुम्ही काही रक्कम उचल म्हणून देता, स्टाफ बाजार करतो, शेवटी पावत्यांप्रमाणे हिशेब होतो. काही ठिकाणी त्यावर बाजार करून आणण्याचा आकार टक्क्यांत लावतात. तो किती, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. यात लपवाछपवी काही नाही, पण विचारत कुणीच नाही.

एकदा चार कुटुंबांचा गट आला. मोठी माणसं नऊ, मुलं पाच. पैशांचा कारभार त्यांच्यातल्या एका गृहस्थांकडे होता. पहिल्या दिवशी त्यांनी उचल दिली आणि म्हणाले, "रोज कटकट नको, जाताना एकदम बघू." आमच्या मालकांचाही तोच दंडक होता. सुट्टीवर आलेल्या माणसाला पैशांची आठवण करून द्यायची नाही. मला तेव्हाही तो पटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण चौदा जणांचं सांगितलेलं. मासे सकाळीच आणले होते, स्वयंपाकी दुपारपासून ओट्याशी उभे. आठ वाजता बाहेरच्या टेबलावर सगळं मांडून झालं. माणसं नाहीत. साडेआठला वॉचमनकडून कळलं की मंडळी मघाशीच दोन गाड्या काढून बाहेर जेवायला गेली. कळवायचं कुणाला सुचलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं असेल. फोन लागेना. आता येतील, मग येतील म्हणून अन्न झाकून ठेवलं. आता हवामानाचा भाग लक्षात घ्या. त्या हवेत रात्रीसुद्धा पारा २७-२८ अंशांच्या खाली उतरत नाही. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून दोन तासांहून जास्त ते बाहेर ठेवायचं नाही, हा सर्वसाधारण नियम. अकरा वाजता स्वयंपाक्यांनी सगळं टाकून दिलं. स्वतःही त्यातलं खाल्लं नाही. बारा वाजून गेल्यावर मंडळी परतली, मुलांना पुन्हा भूक लागलेली, ऑम्लेटची फर्माईश आली. ती करून, ओटा पुसून ते झोपले तेव्हा एक वाजला होता. आणि पाचला उठले, कारण दोन मुलांना पहाटे दूध लागायचं.

निघायच्या आदल्या दिवशी हिशेब मांडला. गृहस्थांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एवढे मासे आम्ही खाल्लेलेच नाहीत. एवढी अंडी? तुमच्या स्वयंपाकघरातून माल घरी जातोय." स्वयंपाकी त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, कप सरळ केले आणि एक शब्द न बोलता आत गेले.

मी वही आणली. आमची वही म्हणजे लांब रेघांची साधी खतावणी. दिवसाला एक पान, त्या दिवसाच्या पावत्या टाचणीनं लावलेल्या. माशांच्या पावत्या नेहमी ओल्या यायच्या आणि शाई फुटायची, म्हणून स्वयंपाकी शेजारी पेन्सिलीनं वजन पुन्हा लिहीत. तिसऱ्या दिवसाच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: "रात्रीचे जेवण १४. कोणी आले नाही. ११ वाजता टाकले. १२ नंतर ऑम्लेट ९." पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांवरही आक्षेप होता. तर मुलं समुद्रावरून आली की बाहेरच्या शॉवरपाशी वाळूचे पाय बाटलीच्या पाण्यानं धूत होती. रिकाम्या बाटल्या माळ्यानं पोत्यात भरून तिथेच ठेवल्या होत्या. मी पोतं दाखवलं. गटातल्या एक बाई लगेच म्हणाल्या, "हो, त्या रात्री ऑम्लेट मीच सांगितली होती." गृहस्थ गप्प झाले. पण माफी मागायला ते आत गेले नाहीत. त्यांनी मालकांना फोन लावला.

मालकांनी मला सांगितलं, किराण्याचं बिल चौथाईनं कमी कर आणि विषय मिटव. मी विचारलं, ही चौथाई कुठून काढायची? तर सर्व्हिस चार्जमधून. म्हणजे महिन्याच्या शेवटी जो पैसा स्टाफमधे वाटला जातो त्यातून. ज्या माणसानं चोरी केलेली नाही हे वहीनं दाखवून दिलंय, त्याच्याच खिशातून त्या आरोपाची भरपाई! मी सरळ नाही म्हणाले. त्या महिन्याचं वाटप मी रोखून धरलं आणि मालकांनी स्वतःच्या खात्यातून रक्कम भरल्यावरच केलं. त्या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे. पुढच्या गटापासून रोज संध्याकाळी वही पाहुण्यांच्या टेबलावर ठेवायला आणि पानाखाली सही घ्यायला मी सुरुवात केली. मालकांना ते कधीच आवडलं नाही. पाहुण्यांना अपमान वाटतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्यासमोर एकाही पाहुण्यानं अपमान वाटल्याचं म्हटलं नाही. उलट लोकांनी बाटलीबंद पाणी जपून वापरायला सुरुवात केली, कारण आकडा त्याच दिवशी दिसायचा.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: लक्ष ठेवू नका, रोज हिशेब मागा. लक्ष ठेवलेलं कळतं. स्वयंपाकघरात उगाच डोकावणं, फ्रिज उघडून मोजणं, मुलांना "बघून ये" म्हणून पाठवणं हे सगळं स्टाफला पहिल्या दिवशीच समजतं आणि त्यानंतर तुम्हाला फक्त कामापुरतं काम मिळतं. रोजची वही बघायला पाच मिनिटं लागतात आणि तिच्यात दोन्ही बाजूंचं रक्षण आहे. रात्री झोपण्यापूर्वी उद्या कोण किती वाजता उठणार, किती जण जेवायला आहेत, कुणाला काय चालत नाही, हे तुमच्यातल्या एकाच माणसानं मॅनेजरला सांगायचं. तीन कुटुंबांनी तीन ठिकाणांहून वेगवेगळ्या ऑर्डर सोडल्या तर स्वयंपाकघराची वाट लागते आणि तुमच्या बिलाचीही.

कामाच्या वेळा विचारून घ्या. "भाडं मोजलंय, मग चोवीस तास हजर पाहिजेत" असं मानणाऱ्यांनी हॉटेलात जावं, तिथे तीन पाळ्या असतात. व्हिलात एक स्वयंपाकी असतो. तो पहाटेचा नाश्ता करणार असेल तर मध्यरात्रीचं खाणं तुम्ही स्वतः गरम करून घ्या, नाहीतर जादा तासांचे पैसे आधी ठरवा. आणि पूल साफ करणारा माळी म्हणजे लाइफगार्ड नव्हे. तो तिथे दिसतो म्हणून मुलांना त्याच्या भरवशावर पाण्यात सोडू नका. विषुववृत्ताच्या जवळ वर्षभर साधारण एकाच वेळी, सहा-सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. मुलं पाण्यात असतानाच अंधार होतो, त्यामुळे तुमच्यातलं एक मोठं माणूस काठावर हवंच.

आता घराबद्दल. सगळ्यात जास्त तक्रारी एसीच्या यायच्या, आणि त्यातल्या बहुतेक दारं उघडी ठेवल्यानं होत्या. बाहेर ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ च्या खाली थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की पाणी सुटणार. खोली १८ वर थंड करायची आणि समुद्र दिसावा म्हणून सरकतं दार उघडं टाकायचं, मग फरशी ओली, भिंतीला घाम, एसीतून पाणी ठिबकतंय आणि वर "एसी खराब आहे" म्हणून फोन. एसी बिघडलेला नसतो. दार लावा, २४-२५ वर ठेवा, वरचा पंखा हळू चालू ठेवा. ओल्या फरशीवर घसरून माणसं पडतात, हे मी स्वतः पाहिलंय.

सनस्क्रीनबद्दल कुणी सांगत नाही. ज्यात एव्होबेन्झोन (ऊन अडवणारं एक रसायन) असतं असं सनस्क्रीन पांढऱ्या चादरी-टॉवेलांवर लागलं आणि धुण्याच्या पाण्यात लोह असलं, की नारिंगी, गंजासारखे डाग पडतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह बरेचदा असतं. ब्लीच टाकलं तर डाग आणखी पक्का होतो. डिपॉझिटमधून चादरींचे पैसे कापल्यावर लोक भांडतात. अंघोळ करून मगच पलंगावर बसा आणि पूलसाठी गडद टॉवेल मागा, सहसा वेगळे ठेवलेले असतात.

डासांचं: डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. म्हणजे संध्याकाळी चहा घेऊन तुम्ही बाहेर बसता तेव्हा. फक्त रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबू नका, बाहेर बसताना अंगाला औषध लावा. अंड्यापासून डास व्हायला त्या हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. माळी कुंड्यांखालच्या ताटल्या ओततो तो याचसाठी, त्यात शोभेला पाणी-फुलं घालून ठेवू नका. पाली मारायला सांगू नका, त्या किडे खातात. खोलीत खाणं उघडं ठेवलं तर मुंग्या येणारच, त्यात हाउसकीपिंगचा दोष नाही. संडासात वेट वाइप्स टाकू नका, बहुतेक व्हिलांना सेप्टिक टँक असतो आणि तो तुंबला तर उपसायला गाडी येईपर्यंत तुमचीच पंचाईत होते.

टिपेबद्दल आकडा मी देणार नाही, तो देशागणिक बदलतो. बुकिंग करतानाच मॅनेजरला दोन प्रश्न विचारा: सर्व्हिस चार्ज बिलात आहे का, आणि असेल तर तो स्टाफच्या हातात पोचतो का. दुसरा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर देताना समोरचा अडखळला तर टिप रोख द्या, प्रत्येकाच्या हातात, सगळ्यांसमोर. जो तुम्हाला दिसला त्यालाच देऊन मोकळे होऊ नका. कपडे धुणारी बाई मागच्या बाजूला असते, आणि तुम्ही सकाळी निघता तेव्हा रात्रपाळीचा वॉचमन घरी गेलेला असतो. त्याचं पाकीट आदल्या रात्री द्या. आणि तुम्ही टिपेऐवजी उरलेला किराणा देणार असाल तर ती टिप समजू नका. तो तसाही राहणारच होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. चोरी कुठेच होत नाही असं मी म्हणत नाही. वाईट मॅनेजर असतात, पावत्या फुगवणारे असतात. पासपोर्ट, दागिने, रोकड तिजोरीत ठेवा, ते स्टाफच्याही हिताचं आहे, म्हणजे काही हरवलं तर पहिला संशय त्यांच्यावर जात नाही. हिशेबात खरोखर काही खटकलं तर दिवस आणि वस्तू सांगून मॅनेजरशी दार लावून बोला. मोघम "जास्त वाटतंय" म्हणू नका, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासमोर, मुलांसमोर, चहाच्या टेबलावर तर मुळीच नको. मी वर लिहिलेलं सगळं पूर्ण स्टाफ असलेल्या घरांचं आहे. लहान व्हिलात एखादं जोडपंच सगळं सांभाळत असेल तर ते फक्त नाश्ता करतात, रात्रीचं तुमचं तुम्ही बघायचं, असंही असतं. तेही आधी विचारा.

आणि बुकिंगच्या वेळी मालक "हिशेबाचं काय, शेवटी बघू" म्हणाले, तर तिथेच सांगा की वही रोज संध्याकाळी टेबलावर हवी. अपमान वगैरे काही वाटणार नाही म्हणावं.