हेड उतरवलं तरी गाडी तापतेच. उरलेले पैसे द्यायचे का?

प्रश्न : आमची पेट्रोलची गाडी दहा वर्षांची आहे. तापायला लागली म्हणून उद्यमनगरातल्या नेहमीच्या मिस्त्रींकडं दिली. वडिलांच्या लूनापासून घरच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडंच. हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालची सीलची पट्टी) गेलंय म्हणाले, हेड उतरवलं, १८,५०० रुपये झाले. १०,००० फोनवरून दिले, उरलेल्या ८,५०० चा पुढच्या तारखेचा चेक दिला. लगेचच्या रविवारी गगनबावड्याला निघालो तर साळवणच्या पुढं पुन्हा लाल दिवा. आता म्हणतात रेडिएटर (इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी) चोक आहे, म्हणजे तुंबलाय, त्याचे ६,००० वेगळे. बिल म्हणजे साध्या कागदावर ‘हेड काम’ एवढी एकच ओळ. आमचे मिस्टर म्हणतात, चेक थांबव आणि गाडी त्यांच्या दारात नेऊन लाव. काय करू?
— एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मिस्टरांना म्हणावं जरा दमानं घ्या. दोन्ही सल्ले तुमच्याच अंगावर येतील असे आहेत.

आधी चेक. ‘पेमेंट स्टॉप’चा शेरा घेऊन परत आलेल्या चेकवरही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. काम नीट झालं नव्हतं, म्हणून ते देणंच नव्हतं, हे मग कोर्टात तुम्हाला शाबीत करत बसावं लागेल. आज तक्रारदार तुम्ही आहात, चेक परत गेला तर उद्या आरोपी तुम्ही ठरू शकता. त्यापेक्षा तारीख यायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ लिहा : ‘गाडी पुन्हा तापली, कामाबद्दल हरकत आहे, निकाल लागेपर्यंत चेक भरू नये.’ तरीही त्यांनी भरला तर वटू द्या. पैसे दिले म्हणजे काम मान्य केलं असं होत नाही, हरकत लेखी असली की झालं.

दुसरं, गाडी. ती तुमच्या ताब्यात आहे, हे तुमचं बळ आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० मिस्त्रीला हक्क देतं की ज्या गाडीवर ठरल्याप्रमाणं काम केलं, तिची मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. दारात नेऊन लावली आणि ‘आधी पैसे’ म्हणाले तर चावी त्यांच्याकडं आणि रिक्षाचं भाडं तुमच्याकडं.

आता मूळ दुखण्याकडं येऊ. मी बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी गाड्या तपासल्या. अशा भांडणात मी एकच विचारायचो : चुकलंय ते निदान की हातकाम? तुमच्या पत्रात ‘साळवणच्या पुढं’, म्हणजे चढावर, हे शब्द आलेत ते बरं झालं. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर उभी असताना तापते आणि हायवेला पळायला लागली की निवते, अशी गाडी असेल तर मी आधी फॅन बघतो. चढाला लोडवर तापते तेव्हा रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप, नाहीतर पुन्हा हेडच. म्हणजे मिस्त्री रेडिएटरचं म्हणतात ते खोटंच असेल असं नाही. पण मग त्यांना विचारा की रेडिएटर चोक होता, तर हेड उतरवायच्या आधी तो मोकळा होता का? गॅस्केट उगाच जात नाही, बहुतेक वेळा गाडी तापल्यामुळं जातं. तापण्याचं कारण न शोधता गॅस्केट बदललं, तर नवीन गॅस्केटही त्याच वाटेनं जाणार. मला तुमच्या प्रकरणात हीच सगळ्यात मोठी चूक दिसते, आणि ती निदानाची आहे.

हातकामाचंही बघू. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं. त्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालतात. साधारण ०.०५ मिलिमीटरच्या वर फट निघाली, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीहूनही कमी, की मशीनवर फेसिंग (घासून सपाट) करून घ्यावं लागतं. बहुतेक गॅरेजवाले हे काम बाहेरून, उद्यमनगरातल्याच मशीन शॉपमधून करून आणतात, आणि तिथली चिठ्ठी असते. ती मागा. शिवाय जुनं गॅस्केट मागा. चिठ्ठी नाही, जुना पार्ट ‘भंगारात गेला’, बिलात एकच ओळ, असं झालं तर माझ्या मते तुमची बाजू निम्म्याहून जास्त भक्कम झाली. पक्कं बिल मागाच : पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, बाहेरचं काम वेगळं.

मग गाडी दुसऱ्या गॅरेजला दाखवा, पण दुरुस्त करून घेऊ नका, नाहीतर पुरावाच जाईल. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायला सांगा (गरम असताना झाकणाला हातही लावू नका, वाफेनं भाजतं). पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर इंजिनातला जळलेला गॅस पाण्यात शिरतोय, हेडचं काम फसलं. बुडबुडे नाहीत, तर संशय रेडिएटर-थर्मोस्टॅटवर. जे निघेल ते त्यांच्या लेटरहेडवर, तारीख-किलोमीटरसह लिहून घ्या. उद्यमनगरात सगळे एकमेकांना ओळखतात, कदाचित कोणी लिहून द्यायला तयार होणार नाही. तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, तपासणीचे पैसे द्या, छापील रिपोर्ट मिळतो.

हे कागद हातात आले की मिस्त्रींसमोर बसा. वडिलांपासूनचा संबंध आहे, तो याच वेळी कामाला येतो. मी तुमच्या जागी असतो तर म्हटलं असतं : रेडिएटर खरंच चोक असेल तर पार्टचे पैसे मी देते, पण मजुरी आणि लागलं तर दुसरं गॅस्केट तुमचं, कारण हे पहिल्याच वेळी बघायला हवं होतं. ठरलं ते कागदावर घ्या, चेकचं काय करायचं तेही त्यातच, आणि गाडी त्यानंतरच आत लावा.

नाहीच ऐकलं, तर स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, वकिलाचीच हवी असं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर अर्जाला फी नाही, तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. काम सदोष होतं हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागतं, म्हणून तो तपासणीचा कागद आधी.

तोवर गगनबावडा नको. गावातल्या गावात फिरवतानाही लाल दिवा लागला की लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तसंच रेटत घरी आणलं तर ‘बाईंनी तापलेली गाडी पळवली’ म्हणायला मिस्त्रींना जागा मिळेल.