काउन्सेलरने घरच्यांना सांगितलं: माझा अनुभव (लांब आहे, माफ करा)

डिचोलीच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय सव्वीस, फी स्वतःच्या पगारातून, आणि तुम्ही लग्नाला नकार का दिलात ते काउन्सेलरबाईंनी तुमच्या आईला फोनवर सांगून टाकलं. जाब विचारला तर "आई काळजीत होती" हे उत्तर. हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालत. आई काळजीत असते म्हणूनच तर आपण बाहेरच्या माणसाकडे जातो.

आता माझं. आधीच सांगतो, मी वकील नाही, मानसशास्त्रज्ञ तर नाहीच. वेर्ण्याला मेंटेनन्समध्ये आहे. २०१९ साली रात्रपाळी आणि घरातली भांडणं यांनी झोप पार उडाली होती. कंपनीत दर गुरुवारी काउन्सेलर यायचे, फुकट. गेलो. पहिल्याच दिवशी अर्ध्या पानाचा इंग्रजी फॉर्म पुढे आला आणि मी हेल्मेट काखेत धरून उभ्याउभ्या सही ठोकली. तिसऱ्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये पातळ भाजीत पाव बुडवत असताना सुपरवायझर शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "कितें रे, घरा आतां बरें मू?" बायको माहेरी गेल्याचं मी त्या खोलीबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं. पाव तसाच हातात राहिला.

नंतर फॉर्म मागून वाचला. चौथ्या ओळीत लिहिलेलं, 'आवश्यक ती माहिती व्यवस्थापनाला देण्यास माझी संमती आहे.' आवश्यक म्हणजे किती, कुणी ठरवायचं, काही नाही. मी तक्रार घेऊन जिथे जिथे गेलो तिथे माझीच सही माझ्यासमोर ठेवली गेली. म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हाच: तुम्ही कशावर सही केलीय? कागद शोधा. नसेल तर त्यांच्याकडून प्रत मागा, लेखी.

एका कार्यालयाने तर माझे पाच महिने खाल्ले. नाव घेत नाही. तिथल्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट करून विचारलं, "हे डॉक्टर आहेत?" म्हटलं, एमए सायकॉलॉजी. "मग आमच्याकडे येत नाही." शेजारच्या टेबलावर गेलो तर तिथे "तुम्हाला आजार होता का?" म्हटलं, झोप नव्हती. "मग आजार नाही, कायदा लागत नाही." आपलं गुपित राखावं म्हणून आधी आपणच आजारी असल्याचं सिद्ध करायचं, अशी ती गंमत. त्यांना धरायला दोरा होता, हेही खरं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे, पण ते 'मानसिक आजार असलेल्या व्यक्ती'बद्दल बोलतं. निदान कागदावर असेल तर तुमची बाजू भक्कम. त्याच कायद्यात कलम २५ नुसार आपल्या वैद्यकीय नोंदी पाहायचा हक्क आहे आणि कलम २८ नुसार तक्रारीची पायरी: आधी त्या संस्थेचे प्रमुख, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ, मग राज्य प्राधिकरण. मी थेट वरून सुरुवात केली आणि आपटलो.

तुमच्या बाई 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवतात का? तसं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्यांचं नाव हवं, १९९२ च्या कायद्याने. नोंदणी क्रमांक मागा, मागायला लाजू नका. नुसत्या 'काउन्सेलर' असतील तर ती परिषद हात वर करणार. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात घेतलंय, पण त्याच्या भरवशावर बसून राहू नका. फी भरल्याच्या पावत्या आहेत ना? मग ग्राहक आयोगाबद्दल वकिलाला विचारा. आणि बाईंचं नाव इथे लिहू नका. राग समजतो, पण उलटी बदनामीची नोटीस यायला वेळ लागत नाही.

बाईंच्या बाजूचंही बोलतो. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल, कोर्टाचा आदेश असेल, तर तोंड उघडावं लागतं. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोखाली कळवणं बंधनकारकच. लग्नाचा नकार यातल्या कशात बसतो ते त्यांनीच सांगावं.

माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो: ओळखीचा काउन्सेलर नकोच. आपल्या गोव्यात दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला कुणाची तरी मावशी निघते. तुमच्या बाई आईच्या भजनी मंडळातल्या, असं तुम्हीच लिहिलंय. एकाच माणसाशी दोन नाती ठेवू नयेत हा या पेशातला जुना नियम. तो त्यांनी पहिल्या दिवशीच पाळून तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे पाठवायला हवं होतं.

मात्र एकीने दगा दिला म्हणून उपचार सोडू नका. मी वर्षभर सोडले, ते महागात पडलं. बांबोळीला सरकारी ओपीडी आहे, आणि रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

आता मडगावला एका बाईंकडे जातो. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवीन." मला ते जरा तुसडं वाटलं होतं. गेल्या वर्षी म्हार्दोळला जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेला गर्दीत समोरासमोर आलो. माझ्यासोबत बायको होती. बाईंनी फुलवालीकडे वळून वळेसराचा भाव विचारला आणि पुढे गेल्या. बायको म्हणाली, "तुमच्याकडे बघत होत्या, ओळखीच्या का?" म्हटलं, नाही.