सासूबाईंना अचानक भास होतात

प्रश्न : माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. परवापासून रात्री त्या चादरीवरचे नसलेले धागे वेचतात आणि खिडकीशी मुले उभी आहेत म्हणतात. हे वेड आहे का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नाही. दोन दिवसांत उद्भवलेला असा गोंधळ बहुधा ‘डिलिरियम’ असतो आणि त्याचे मूळ शरीरात शोधावे लागते, म्हणून त्यांना आजच डॉक्टरांना दाखवावे. लघवीतील जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया वृद्धांमध्ये तापाशिवायही असू शकतो; तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, घटलेले सोडियम किंवा साखर हेही तपासावे. मला मात्र आधी औषधांचीच शंका येते. झोपेची, खाजेची किंवा सर्दीची गोळी नव्याने सुरू झाली, किंवा जुनी एकाएकी बंद झाली का? घरातील सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. तोवर त्यांच्याशी वाद न घालता चष्मा लावून द्यावा आणि हात धरून जवळ बसावे.