उभ्याने २२, फिरून २०!

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या संघातून थाळीफेक करते. १ किलोची थाळी उभ्याने फेकली तर २२ मीटर जाते, गिरकी घेऊन फेकली तर जेमतेम २०, तीही हवेत लटपटत. मनगट कच्चं असेल का? डंबेल्स आणून देऊ का? – एक पालक, फलटण

उत्तर : डंबेल्सचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. दुखणी दोन आहेत आणि दोन्ही मनगटाची नाहीत.

आधी लटपट. थाळी मुठीत धरायची नसतेच. बोटं जरा फाकवून त्यांची शेवटची पेरं कडेवर अडकवायची, अंगठा नुसता टेकलेला. हात फिरता असला की त्या झोक्यानेच थाळी बोटांना धरून राहते. पण पडेल या धास्तीने मुलं ती आवळतात. मग ती करंगळीकडून सुटते आणि हवेत कोलांट्या खाते. सगळ्यात शेवटी ती तर्जनीवरून सुटायला हवी. मग तिला भिंगरीसारखी फिरकी मिळते, आणि ती फिरकीच तिला हवेत स्थिर ठेवते.

मी अकरावीत असताना आमच्या सरांनी थाळीच्या कडेला खडूची पूड फासली होती. फेकून झाल्यावर म्हणाले, "बोटं दाखव." पूड चारही बोटांना लागली होती, पण पेरापासून टोकापर्यंत घासलेला पट्टा होता करंगळीवर! दोन वर्षं मी उलटंच फेकत होतो.

म्हणून आठवडाभर फेकणं बंद. मुलीने हात खाली सोडून थाळी उभी, चाकासारखी जमिनीवर घरंगळत सोडायची. तुम्ही दहा-बारा मीटरवर समोर उभे राहा. थाळी सरळ तुमच्या पायाशी आली तर तर्जनीवरून सुटली, वाटेतच आडवी झाली तर पुन्हा.

आता गिरकी. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात घाई करायला जागाच नसते, तरी सगळे घाईच करतात. तुमची मुलगी उजव्या हाताने फेकते असं धरतो. गिरकीत उजवा पाय वर्तुळाच्या मध्याजवळ चवड्यावर पडतो, पाठोपाठ डावा पुढच्या कडेशी. डावा टेकतो त्या क्षणी थाळी कुठे आहे, यावर सगळं ठरतं. ती मागेच राहिलेली हवी. ओला टॉवेल पिळताना खालचं टोक फिरतं आणि वरचं अडून राहतं, तसं अंग पिळलेलं पाहिजे. मग आधी कंबर वळते, मग छाती, हात अगदी शेवटी. बहुधा तुमच्या मुलीचा हात पायांच्या आधीच पुढे येतो, पीळ उलगडून जातो, आणि उरतो नुसता खांद्याचा जोर. उभ्याने फेकताना तो पीळ तिच्याकडे असतो, म्हणून २२.

मोबाइलवर बाजूने चित्रण करा आणि डावा पाय टेकला की तिथेच थांबवून बघा. थाळी खांद्याच्या पुढे दिसली तर पूर्ण गिरकी काही दिवस सोडा. फेकायच्या दिशेला तोंड करून अर्धी गिरकी घ्यायला लावा, तीही संथ. अंगणात हातात टॉवेल घेऊनही हे जमतं.

ताकद नको असं नाही, पण वजनाची चिंता तुम्हाला कमीच. मुलांची थाळी वयाबरोबर जड होत २ किलोंवर जाते, मुलींची १ किलोचीच राहते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनियाने ६१.५१ मीटरवर सुवर्ण जिंकलं ते याच वजनाच्या थाळीने.

आणि हो, समोरून वारा असेल तर तिला कुरकुरू देऊ नका. बेताच्या समोरच्या वाऱ्यावर थाळी तरंगते, फक्त तिचं नाक, म्हणजे पुढची कड, फार वर नको.

शाळेत फेकायच्या वर्तुळाभोवती जाळी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर गिरकीच्या वेळी चहूबाजूंनी मैदान मोकळं करा. माझी एक थाळी उशिरा सुटून डावीकडच्या सायकलींच्या रांगेत घुसली होती. पाच सायकली आडव्या झाल्या, त्यातली एक सरांची.