चाल कोणाची, गाणे कोणाचे?

या महिन्यात आमच्या संगीत-सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत : इतक्या भाषांच्या देशात एखादे गाणे ‘आपले’ म्हणायचे ते कशाच्या आधारावर. बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून ही चारच येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या नाट्यपदे आणि अभंग ऐकले जातात. परवा एका कानडी मित्राने सहज म्हटले, ‘तुमचे मोठे गवई तर सगळे आमचेच. भीमसेन गदगचे, गंगूबाई हुबळीच्या, मन्सूर धारवाडचे आणि कुमार गंधर्व तर इथल्याच सुळेभावीचे.’ मला उत्तर सुचले नाही. मग मराठी संगीत म्हणून आपण नक्की कशाला म्हणायचे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करावे. फक्त त्याच्या यादीत जे आले नाही, तेही त्याच्यासमोर ठेवावे. भीमसेन जोशी ज्यांच्याकडे शिकले ते सवाई गंधर्व कुंदगोळचे, म्हणजे कानडी मुलखातलेच. पण त्यांचे नाव झाले ते मराठी संगीत रंगभूमीवर, आणि ‘सवाई गंधर्व’ ही पदवीही त्यांना मिळाली ती अमरावतीत. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे. ते मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांची कबरही मिरजेतच आहे. मल्लिकार्जुन मन्सूर शिकले ते मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, आणि अल्लादिया खाँ स्वतः राजस्थानाकडून येऊन शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेले. कुमार गंधर्वांना घडवले मुंबईत देवधर मास्तरांनी, आणि पुढचे आयुष्य त्यांनी काढले देवासला, जिथली माळवी लोकगीते त्यांच्या गाण्यात खोल मुरली.

मिरज, सांगली, कोल्हापूर ही संस्थाने आणि बेळगाव, धारवाड हे मुंबई इलाख्यातले जिल्हे तेव्हा एकमेकांना लागून होते. गवयाला हवा असे तो आश्रयदाता, शिष्य आणि जाणता श्रोता. तो दाद कोणत्या भाषेत देतो, हा प्रश्न नंतरचा. १९५६ साली भाषावार राज्यरचनेत जिल्ह्यांची वाटणी झाली, पण त्याआधीच्या शंभर वर्षांत या पट्ट्यात जे गाणे तयार झाले होते त्याची वाटणी कोणाला करता येण्यासारखी नव्हती.

अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी ध्वनिमुद्रिका आहे, ‘चंद्रिका ही जणू’. शब्द कृ. प्र. खाडिलकरांचे, नाटक १९११ सालचे ‘संगीत मानापमान’, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गाणारा गळा कैरान्याचा. याच खाँसाहेबांनी त्यागराजांची तेलुगू कृतीही ध्वनिमुद्रित केली आहे. ‘चंद्रिका’च्या मुद्रिकेवर ‘हे मराठी गाणे आहे का’ असा प्रश्न कोणी विचारला तर मी क्षणभरही न थांबता ‘होय’ म्हणेन, कारण ते गाणे मराठी होण्यासाठी गाणारा मराठी असण्याची अट कधीच नव्हती.

राग आणि घराणी यांच्यावर मराठी म्हणून हक्क सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. आपले जे आहे ते दुसरीकडे आहे. मराठी शब्दांनी सुराला दिलेले वळण आपले आहे, आणि या सुरांना जगवण्यासाठी मराठी समाजाने जे कष्ट उपसले तेही आपले आहेत. नाटक मंडळ्या, गाण्याच्या शाळा, रात्र रात्र चालणाऱ्या बैठका आणि १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव यांची आठवण यासाठीच ठेवायची. मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी एकदा दुपारभर बसलो होतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, आणि कारागिराचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार. तो घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानशीने किंचित घासायचा, तार छेडायचा, डोळे मिटून ऐकायचा, पुन्हा घासायचा. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावायचा, आणि दोरा केसभर पुढे गेला की बंद खोलीतल्यासारखा वाटणारा आवाज एकदम उघडायचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला. तुमच्या मित्राच्या यादीतल्या गवयांचा षड्ज ज्या वाद्यावर लागला, ते वाद्य करण्याची विद्या या गावाने सांभाळली आहे.

आणि मित्राला हेही सांगा की, पंढरीच्या देवाला ‘कानडा’ आणि ‘करनाटकु’ म्हणणारा अभंग ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे. ‘विठ्ठलु’, ‘करनाटकु’ यांतला शेवटचा उकार काही जणांना कानडी वाटतो. तो जुन्या मराठीचा आहे, ‘देवु’, ‘लोकु’ यांसारखा. देव कानडी, उकार मराठी, अशी ही ओळ गेली कित्येक शतके दोन्हीकडची माणसे गात आली आहेत, आणि तिकडे पुरंदरदासांच्या कानडी पदांच्या शेवटी येणारी मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात नाट्यशास्त्र शिकतो. संगीत नाटकांतल्या कितीतरी चाली कानडी, उर्दू आणि हिंदुस्थानी गाण्यांवरून घेतलेल्या आहेत, असे वाचनात आले. तरी आपण नाट्यसंगीत हा अस्सल मराठी ठेवा म्हणून मिरवतो. हा खोटेपणा नाही का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : खोटेपणा झाला असता, जर आपल्या पूर्वजांनी ते लपवले असते. त्यांनी लपवले नाही. संगीत नाटकांच्या जुन्या आवृत्त्या तुमच्या ग्रंथालयात असतील तर एखादी उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल यांच्या शेजारी ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे मूळ गाण्याची पहिली ओळ छापलेली दिसेल. आजोबांच्या ट्रंकेत मिळालेली अशी एक प्रत माझ्याजवळ आहे. पाने पिवळी पडून कडा गळू लागल्या आहेत, पण चालीच्या ओळी स्वच्छ वाचता येतात. नाटक पाहायला जाणाऱ्या साध्या प्रेक्षकाच्या हाती हे पुस्तक पडत असे आणि चाल कुठून आली ते त्याला सरळ सांगितले जाई. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, मग कॅसेटी आल्या, आणि गाण्याचे नाव आणि गायकाचे नाव एवढेच उरले. आज मोबाइलवर नाट्यपद ऐकणाऱ्याला चालीची ओळ कुठेच दिसत नाही. तुमच्या मनातली शंका मला वाटते तिथूनच निर्माण झाली आहे, आणि नव्या आवृत्त्यांनी, ध्वनिसंग्रहांनी ती ओळ पुन्हा छापावी असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आता देवाणघेवाणीचा इतिहास पाहा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. अण्णासाहेब किर्लोस्कर, ज्यांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाला आकार दिला, ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी कानडी चाली घेतल्या, लावणीच्या घेतल्या, आणि कीर्तनातल्या साकी, दिंडी, कामदा या वृत्तांनाही रंगमंचावर आणले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चालींना दार उघडले, टेंब्यांनी ‘मानापमान’मध्ये पूरबेकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग आणला, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींना मराठी शब्दांत बसवले. इकडे मराठी मंडळ्यांचा कर्नाटकात एवढा जोर झाला की, गदगच्या शांतकवींनी त्या वर्चस्वाला उत्तर म्हणून कानडी नाटक मंडळी काढली. म्हणजे जे बीज कानडी खेळातून सांगलीला आले, त्याचेच वाढलेले झाड पाहून कानडी माणसाला आपल्या भाषेच्या नाटकाची निकड वाटली. शांतकवींची तळमळ मला पूर्णपणे समजते. आपल्या गावात आपल्याच भाषेत गाणे ऐकू येऊ नये, याचे दुःख कोणत्याही बाजूला सारखेच असते.

चाल मराठीत आल्यावर तिचे काय होते, ते ‘नाही मी बोलत नाथा’ या पदात नीट ऐकून पाहा. बालगंधर्वांचे गाणे ठुमरीच्या अंगाने जाते, तरी सगळा रुसवा ‘नाही’ या पहिल्या शब्दावर तोललेला आहे आणि सगळे आर्जव ‘नाथा’तल्या शेवटच्या ‘आ’वर. बोलायचे नाही असे म्हणत म्हणत शेवटी हाक मारायची, हे वाक्याच्या रचनेतच आहे. चालीने आणलेली जागा आणि मराठी वाक्याची जागा जिथे एकमेकींवर बरोबर येऊन पडतात, तिथे ती चाल परकी राहत नाही. जिथे पडत नाहीत, अशीही पदे आहेत. पुस्तकात ती छापलेली आहेत, पण गळ्यात राहिलेली नाहीत.

प्रश्न : चेन्नईत आमच्या सोसायटीतल्या तमिळ शेजाऱ्यांकडे भजन असते आणि त्यात ‘सुंदर ते ध्यान’ मोठ्या प्रेमाने म्हणतात. त्यांतल्या कोणालाही मराठी बोलता येत नाही. हे इथे आले कसे? (एक गृहिणी, चेन्नई)

उत्तर : तंजावरमार्गे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्यापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. प्रजा तमिळ, राजघराणे मराठी आणि दरबारी संगीताची प्रतिष्ठित भाषा तेलुगू, अशी तिथली स्थिती होती, आणि तीत कोणाला विसंगती वाटत नसे. दुसऱ्या शहाजीराजांनी तेलुगूत गेय नाट्यरचना केली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत, आणि भरतनाट्यमची आजची मांडणी ज्यांनी बसवली ते चौघे तमिळ बंधू याच दरबाराशी जोडलेले होते. राज्याबरोबर रामदासी मठ आले, कीर्तनकार आले, आणि तमिळ हरिकथेने मराठी कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही वृत्ते नावांसकट घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या घडणीला आज दिसणारे रूप दिले. तुमच्या शेजाऱ्यांची भजनपरंपरा ज्यांना आपले प्रवर्तक मानते, त्यांपैकी मरुदानल्लूरचे सद्गुरु स्वामी याच तंजावरच्या परिसरातले होते.

पण राज्य गेले, मग अभंग का टिकला? माझ्या मते याचे उत्तर अभंगाच्या बांधणीत आहे. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ यातली अक्षरे बोटांवर मोजा : सहा, सहा, सहा, आणि चौथ्या चरणात चारच. दुसरा आणि तिसरा चरण यमकाने एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे अर्थ न कळणाऱ्यालाही ओळ पाठ होते. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्याने तिथे जागा मोकळी राहते, आणि त्या जागेत टाळ, मृदंग आणि मागे बसलेल्यांचा आवाज येऊन मिळतो. लघु-गुरूचे बंधन नसल्यामुळे कोणत्याही रागाची चाल त्याला चढवता येते, मग तो राग हिंदुस्थानी असो की कर्नाटक. तुमच्या शेजाऱ्यांकडची चाल तुम्ही लहानपणी ऐकलेल्या चालीहून वेगळी असेल. ती दुरुस्त करायला जाऊ नका, अशी माझी विनंती आहे. पुढच्या भजनाला मात्र आवर्जून जा, आणि ‘कटावरी’ म्हणजे काय, हे कोणी विचारले तर कमरेवर हात ठेवून दाखवा.

प्रश्न : आमची मुलगी बंगळुरूत कर्नाटक संगीत शिकते. तिच्या बाईंनी तिला एक अभंग कानडी लिपीत लिहून दिला आहे. मराठी गाणे कानडी लिपीत लिहिले तर बिघडते का? (एक पालक, बंगळुरू)

उत्तर : लिपीमुळे काहीही बिघडत नाही. कानडीत ‘ळ’ आहे, तेव्हा ‘टाळ’, ‘तुळस’, ‘सावळा’ हे शब्द हिंदी वळणाने ‘ल’ होण्याची भीतीही नाही. अडचण एकच आहे आणि ती देवनागरीतही तशीच आहे. मराठीत ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण त्यांत भेद करत नाही. ‘चंद्र’ म्हणताना जीभ टाळूला लागते आणि ‘चांदणे’ म्हणताना दातांमागे. ‘जय’मधला ‘ज’ वेगळा आणि ‘जग’मधला वेगळा. मराठी घरातले मूल हे ऐकून शिकते, पण बाईंना ते माहीत असण्याचे कारण नाही. तेव्हा मुलीला शेजारी बसवून सगळा अभंग एकदा गद्यात, बोलल्यासारखा वाचून दाखवा, आणि जिथे दातांमागचा उच्चार येतो त्या अक्षराखाली पेन्सिलीने एक टिंब द्या. टिंबे दिलेली ती वही तिने पुढच्या शिकवणीला बाईंना दाखवावी. त्यांच्या इतर विद्यार्थ्यांनाही तिचा उपयोग होईल.