मुलगी बंगळूरला फर्स्ट पीयूसी पास झाली, आता आमची मुंबईत बदली झाली आहे. इथे तिचा वर्ग कोणता?

बारावी. कर्नाटकातली फर्स्ट आणि सेकंड पीयूसी म्हणजेच आपल्या ज्युनिअर कॉलेजची अकरावी-बारावी. तेलंगणात याच दोन वर्षांना इंटरमिजिएट म्हणतात, केरळात प्लस वन-प्लस टू. नावं वेगळी, वर्षं तीच.

खरा गोंधळ खालच्या वर्गांत आहे. आपल्या जुन्या रचनेत आठवी माध्यमिक शाळेत, त्यामुळे मुंबईत सातवीनंतर शाळा बदलावी लागलेली मुलं पुष्कळ (आणि ते वय शाळा बदलण्याचं नव्हेच). गुजरातेत आठवी प्राथमिकमध्ये मोडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही पहिली ते आठवी एकत्र धरली आहे.

कुणी पुन्हा अकरावीत बसवा म्हणालं, तर लगेच मान्य करू नका. मुलीचं वर्ष वाया जाईल. विषय जुळतात का आणि बोर्डाच्या परवानगीसाठी कोणती कागदपत्रं लागतील, हे कॉलेजात आधीच विचारून घ्या.